गर्भपात: परवानगी कायद्याची, सही नवऱ्याची

‘पिशवी साफ करायची आहे,’ असं हळू आवाजात सांगणाऱ्या बाईला दवाखान्यात बहुतेकदा पहिला प्रश्न येतो, ‘मिस्टर आलेत का सोबत?’ कायद्यात हा प्रश्नच नाही. बाई सज्ञान असेल, मानसिकदृष्ट्या सक्षम असेल, तर ‘फॉर्म सी’ या संमतीपत्रावर फक्त तिची सही लागते. नवऱ्याच्या संमतीची अट १९७१ च्या मूळ गर्भपात कायद्यातही नव्हती. तरीही सही मागितली जाते, कारण डॉक्टरला धास्ती असते. ती धास्ती जुनी आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१२ आलं. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडून प्रत्येक गर्भपात गुन्हा ठरला. स्वतः गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. तीनच वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवेला गुपचूप बाळंत होता यावं, एवढीच सोय. पण त्या काळी तेवढीही दुसरीकडे नव्हती.

पुढची शंभर वर्षं कलम तसंच राहिलं. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. अखेर १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. मात्र त्याची भाषा नीट वाचायला हवी. कलम ३१२ रद्द झालं नाही. अटी पाळणाऱ्या डॉक्टरवर गुन्हा लागणार नाही, एवढंच नव्या कायद्याने सांगितलं. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० पर्यंत दोघांचं. बाईला मूल नको, हे कारण स्वतंत्रपणे कुठेच लिहिलं नाही. गर्भनिरोधक फसल्याची सवलतही फक्त विवाहितेला. माझ्या मते पुढच्या साऱ्या अडचणींचं मूळ इथे आहे: संरक्षण डॉक्टरला मिळालं, हक्क बाईला मिळाला नाही.

२००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं २० आठवडे उलटल्यावर कळलं. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. मर्यादा बदलायला २०२१ उजाडलं, आणि २४ आठवडे मिळाले तेही ठरावीक गटांनाच: बलात्कारपीडित, अल्पवयीन, मध्येच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, वगैरे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाची परवानगी. अविवाहितेलाही २४ आठवड्यांची मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं.

महाराष्ट्रात आणखी एक गाठ बसली. २०१२ मध्ये परळीत मुलीचा गर्भ पाडण्यासाठी केलेल्या बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि राज्यभर तपासण्या सुरू झाल्या. लिंगनिदान रोखणं गरजेचंच होतं. पण गर्भलिंग ओळखता येण्याच्या कितीतरी आधी घ्यायच्या गर्भपाताच्या गोळ्यांवरही करडी नजर गेली आणि अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं.

१ जुलै २०२४ ला दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलम ३१२ तिथे ८८ झालं. स्वतः गर्भ पाडणारी बाई त्यात आजही आहे.