तीन मुली झाल्या म्हणून चौथा मुलगाच होतो, हे खरं नाही

बारशाला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "तिन्ही मुलीच ना, मग आता चौथा मुलगाच बघा", आणि त्या भरवशावर त्या बाईला परत एका बाळंतपणात ढकललं जातं, म्हणून हे नीट सांगायलाच हवं.

गफलत कुठे होते बघा. एकही मूल नसताना विचारलं की चारही मुलीच होण्याचा चान्स किती, तर अर्धा गुणिले अर्धा असं चार वेळा, म्हणजे १६ मध्ये १. हे ठीकच आहे. पण इथे तीन मुली ऑलरेडी झाल्यात, ते तीन अर्धे संपले, उरला फक्त शेवटचा, म्हणजे परत निम्मा-निम्माच (निसर्गतः साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, एवढाच काय तो फरक). बापाकडून एक्स गुणसूत्र आलं (म्हणजे मुलगी) की वाय (म्हणजे मुलगा), यावर सगळं ठरतं आणि त्या गुणसूत्राला आधीच्या पोरींचा हिशोब माहीत नसतो.

१९१३ मध्ये माँटे कार्लोच्या कसिनोत (जुगारघरात) रुलेटवर, म्हणजे लाल-काळ्या खणांच्या फिरत्या चाकावर, सलग २६ वेळा काळा आला, लोक "आता तरी लाल येणारच" म्हणून लालवर पैसे लावत गेले आणि धुपले. चाकाला मागचं काही आठवत नाही. मग सरासरी निम्म्यावर येते ती कशी? तर हजारो वेळा मोजल्यावर, आणि तीसुद्धा मागची कसर भरून निघते म्हणून नाही, नव्या आकड्यांच्या गर्दीत ते जुने तीन-चार नगण्य होऊन जातात म्हणून.