पॅकेजमधल्या तुटक्या सिमलिंक येतात कुठून?

लिनक्स मशिनवर फाइंड आज्ञेला तुटक्या सिम्बॉलिक लिंक (सिमलिंक), म्हणजे नसलेल्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक, शोधायला लावलं, तर ताज्या इन्स्टॉलेशनमध्येही बऱ्याचदा दोन-चार हाती लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, डिस्क बिघडली किंवा अपडेट अर्धवट राहिलं. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. लिंक पॅकेजमधून, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या गठ्ठ्यातून, आली तेव्हाच तिच्या टोकाला काही नव्हतं.

फाइलीऐवजी तिचा नुसता मार्ग साठवणारी लिंक युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती; त्या फाइलव्यवस्थेचं वर्णन १९६५ च्या एका शोधनिबंधात सापडतं. युनिक्सने मात्र सुरुवातीला हार्ड लिंक घेतली. एकाच आयनोडला (फाइलीची डिस्कवरची नोंद) दोन नावं, आणि शेवटचं नाव पुसेपर्यंत मजकूर शाबूत. ही लिंक तुटतच नाही. पण ती दुसऱ्या फाइलसिस्टिमवर जात नाही आणि डिरेक्टरीला सहसा लावता येत नाही. बर्कलीच्या मंडळींनी १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सिम्बॉलिक लिंक देऊन ही अडचण दूर केली. ही लिंक म्हणजे एक मार्ग लिहिलेली चिठ्ठी. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर मार्ग ६० बाइटांपेक्षा छोटा असेल तर तो आयनोडमध्येच मावतो, वेगळा ब्लॉकही लागत नाही.

चिठ्ठी लिहिताना त्या पत्त्यावर कोणी राहतं का, हे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाहत नाही. यात चूक काही नाही, कारण पत्ता अजून माउंट न झालेल्या डिस्कवरचाही असू शकतो. ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर तर याचा मुद्दाम फायदा घेतो. त्याची लॉक फाइल (फाइल कोण संपादित करतंय याची खूण) म्हणजे वापरकर्ता, मशिन आणि प्रोसेस क्रमांक लिहिलेली सिमलिंक असते, आणि त्या नावाची फाइल कुठेच नसते. थोडक्यात, ‘तुटकी’ हा शब्द आपला; कर्नलच्या लेखी ती धडधाकट लिंकच.

घोळ सुरू झाला तो पॅकेजांमुळे. डेबियनसारखी लिनक्सची वितरणं एकाच सॉफ्टवेअरचे तुकडे करतात: चालवायची लायब्ररी एका पॅकेजात, ती वापरून प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली दुसऱ्यात, दस्तऐवज तिसऱ्यात. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची आवृत्तीक्रमांक असलेली खरी फाइल रनटाइम पॅकेजात असते, आणि तिच्याकडे बोट दाखवणारी बिनक्रमांकाची लिंक डेव्हलपमेंट पॅकेजात. डिपेंडन्सी (कोणतं पॅकेज आणखी कशावर अवलंबून आहे ते) लिहिली जाते पॅकेजांच्या नावांनी, लिंक लिहिली जाते फाइलीच्या मार्गाने. हे दोन हिशेब ताडून पाहण्याचं काम डीपीकेजी हा डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम करत नाही. तो संग्रह उघडतो आणि लिंक जशीच्या तशी डिस्कवर ठेवतो. म्हणून डेबियनच्या नियमावलीत डेव्हलपमेंट पॅकेजाने रनटाइमच्या नेमक्या त्याच आवृत्तीवर अवलंबून राहावं असं सांगितलं आहे.

लिंक किती दीर्घकाळ पुरतात, याचा डेबियनचाच एक किस्सा आहे. फाइलरचनेच्या नव्या मानकानुसार दस्तऐवज /यूएसआर/डॉकमधून /यूएसआर/शेअर/डॉकमध्ये हलवायचे होते. सगळी पॅकेजं एका रात्रीत हलणं शक्य नव्हतं, आणि तोवर वाचणाऱ्याने दोन ठिकाणी शोधाशोध का करावी? तांत्रिक समितीने १९९९ मध्ये तोडगा काढला: हललेल्या प्रत्येक पॅकेजाने इन्स्टॉल होताना जुन्या जागी एक सिमलिंक करायची आणि जाताना ती पुसायची. सोय चांगली, पण काम स्क्रिप्टांवर सोपवलेलं. स्क्रिप्टने केलेली लिंक डीपीकेजीच्या फाइलयादीत नसते, त्यामुळे पुसायची राहिली तर तिला कोणी वाली नाही. हे तात्पुरते पूल पाडायला पुढे काही वर्षं गेली.

नंतरचा मोठा स्रोत म्हणजे जेक्वेरी ही वेबपानांसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी. दस्तऐवजांच्या अनेक पॅकेजांत तिची आपापली प्रत असायची. सुरक्षेची दुरुस्ती एकाच जागी करता यावी म्हणून डेबियनने प्रती काढून सामाईक प्रतीकडे लिंक द्यायला लावल्या. धोरण योग्यच, पण ती सामाईक प्रत ज्या पॅकेजात आहे ते ‘आवश्यक’ न लिहिता नुसतं ‘शिफारस’ म्हणून लिहिलं, आणि वापरणाऱ्याने शिफारशी बंद ठेवल्या, की दस्तऐवजाच्या पानावरचा शोध मुकाट्याने बंद. माझ्या मते तुटकी सिमलिंक म्हणजे बहुधा लिहायची राहिलेली किंवा सौम्य शब्दांत लिहिलेली डिपेंडन्सी. कर्नल मॉड्यूलांच्या डिरेक्टरीतली ‘बिल्ड’ लिंकही त्याच कुळातली: हेडरचं पॅकेज नसेल तर काही वितरणांत ती हवेत लोंबकळते, आणि ड्रायव्हर बांधायला घेतल्यावरच ते कळतं.

एकाच मुख्य डिरेक्टरीतली लिंक सापेक्ष (स्वतःच्या जागेपासून मोजलेली) आणि दोन मुख्य डिरेक्टऱ्यांमधली निरपेक्ष (मुळापासून पूर्ण मार्ग लिहिलेली), असाही डेबियनचा नियम आहे. बिघडलेल्या मशिनची डिस्क दुसरीकडे माउंट केली की निरपेक्ष लिंक चालू मशिनच्याच फाइलींकडे वळतात, हे ज्याने अनुभवलंय त्याला नियमाचा पहिला भाग लगेच पटतो.

तपासणीची साधनं आली, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. डेबियनचं लिंटियन आणि आरपीएम प्रकारच्या पॅकेजांसाठीचं आरपीएमलिंट पॅकेज न बसवता तपासतात. लिंकचं टोक दुसऱ्याच्या पॅकेजात असेल तर त्यांना अंदाजच बांधावा लागतो. लार्स विर्झेनियस यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं पीयूपार्ट्स मात्र कोऱ्या क्रूटमध्ये (मशिनच्या आतल्या वेगळ्या फाइलव्यवस्थेत) पॅकेज खरंच बसवतं, काढतं आणि मग पाहतं. तेही तुटकी लिंक दिसली तर एरवी फक्त इशारा देतं. पॅकेज नापास करायचं असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.