रेझिन सिमेंटचे सिरॅमिकखालील क्युअरिंग

व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवरचा पातळ थर), इनले, ऑनले (दाताच्या कोरलेल्या भागात बसवायचे तुकडे) किंवा पूर्ण सिरॅमिकची कॅप दाताला चिकटवताना क्युअरिंगच्या, म्हणजे सिमेंट कडक करणाऱ्या, दिव्याचा प्रकाश त्यांना चिकटवणाऱ्या रेझिन सिमेंटवर थेट पडत नाही, सिरॅमिकमधून गाळून पडतो. वाटेत तो किती घटतो, यावर सिमेंटचे बहुवारिकीकरण (लहान रेणू जोडले जाऊन कडक होणे) कितपत पुरे होईल हे ठरते. काठावरचे सिमेंट प्रोबला (दात तपासायच्या टोकदार सळीला) कडक लागले म्हणजे आतलेही घट्ट झाले, हा समज घातक आहे. काठाला प्रकाश थेट मिळतो. कॅपच्या मध्यावर तो कमी पोहोचतो आणि तिथे प्रोबही जात नाही. कच्चे राहिलेले सिमेंट पाणी शोषते, रंग बदलते, पकड सोडते. शिवाय वरच्या सिरॅमिकला भक्कम आधार न मिळाल्याने ते चावताना तडकू शकते.

बहुतेक सिमेंटमध्ये कॅम्फोरक्विनोन हा प्रकाशारंभक, म्हणजे प्रकाश मिळताच अभिक्रिया सुरू करणारा घटक, असतो. तो सुमारे ४६८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सर्वाधिक शोषतो. काही सिमेंटमध्ये टीपीओसारखे, जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रकाशारंभक वापरतात. फक्त निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यातच जांभळा प्रकाश सिरॅमिकमध्ये निळ्यापेक्षा जास्त विखुरतो, त्यामुळे जाड कॅपखाली तो आणखी क्षीण होतो.

सर्वांत मोठा परिणाम जाडीचा. जाडी वाढते तसा प्रकाश सरळ प्रमाणात नव्हे, घातांकी प्रमाणात घटतो. समजा १ मिमी सिरॅमिकमधून निम्मा प्रकाश पार होतो. तर २ मिमीमधून जेमतेम चौथा हिस्सा उरेल. १२०० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरचा दिवा १० सेकंदांत प्रति चौरस सेंटिमीटर १२ जूल ऊर्जा देतो. चौथाच हिस्सा पोहोचत असेल तर तेवढ्याच ऊर्जेसाठी ४० सेकंद लागतात. अर्थात वेळ कितीही वाढवला तरी फार क्षीण प्रकाशाची उणीव भरून निघत नाही. कॅप दिवा आणि रेडिओमीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारे उपकरण) यांच्यामध्ये धरून आकडा पाहिला तर ढोबळ अंदाज चटकन येतो. दिव्याच्या टोकावर चिकटलेले रेझिन मात्र आधी काढावे.

जाडीनंतर येतो पदार्थ. फेल्डस्पारयुक्त आणि ल्युसाइटयुक्त सिरॅमिक प्रकाश बरा जाऊ देतात. लिथियम डायसिलिकेटमध्ये पारदर्शकतेचे प्रकार आहेत, आणि कमी पारदर्शक ठोकळा प्रकाश अधिक अडवतो. ३ मोल टक्के इट्रियाचे (यिट्रियम ऑक्साइडचे) झिर्कोनिया बरेच अपारदर्शक असते. ५ टक्क्यांच्या झिर्कोनियात घनाकार स्फटिकरचना वाढल्याने प्रकाश जास्त जातो, पण ताकद कमी होते. धातूवर चढवलेल्या पोर्सेलिनखाली प्रकाश पोहोचतच नाही. दाताच्या रंगाची गडद शेड, म्हणजे ए४ किंवा सी४, ही फिकट ए१पेक्षा जास्त प्रकाश शोषते.

पातळ, साधारण १ मिमीपर्यंतच्या व्हिनिअरला लाइट-क्युअर (फक्त प्रकाशाने कडक होणारे) सिमेंट सोयीचे: बसवायला हवा तेवढा वेळ मिळतो आणि रंग टिकतो. २ मिमीच्या पुढे किंवा अपारदर्शक सिरॅमिकखाली ड्युअल-क्युअर (प्रकाश आणि रासायनिक अभिक्रिया दोन्हींनी कडक होणारे) घ्यावे. पारंपरिक ड्युअल-क्युअरमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड आणि तृतीयक अमाइन यांची रासायनिक अभिक्रिया प्रकाशाविनाही चालते. मात्र त्यातील अमाइन कालांतराने पिवळसर छटा आणते, म्हणून पुढच्या दातांत सावधगिरी हवी. ड्युअल-क्युअर आहे म्हणून दिवा लावायचा टाळणेही चूक. अनेक सिमेंट प्रकाश न मिळाल्यास अपेक्षित कठीणपणा गाठत नाहीत. सिमेंटआधी दाताला लावायचे आम्लधर्मी एक-बाटली अ‍ॅडहेसिव्ह अमाइनला निष्प्रभ करून रासायनिक क्युअरिंग अडवू शकते, त्यामुळे सिमेंटशी जुळणारेच अ‍ॅडहेसिव्ह वापरावे. फ्रिजमधून काढलेले थंड सिमेंट लगेच वापरले तर अभिक्रिया मंदावते.

कॅप बसवल्यावर काठावर १ ते ३ सेकंद प्रकाश देऊन जादा सिमेंट जेलसारखे झाल्यावर काढतात. नेमका अवधी उत्पादनानुसार बदलतो. जास्त झाला तर ते दगडासारखे होऊन दातांच्या फटीत अडकते. मग काठावर ग्लिसरीन जेल लावतात, कारण हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागाचे क्युअरिंग रोखतो. त्यानंतर गालाकडून, जिभेकडून आणि चावण्याच्या पृष्ठभागावरून, दिव्याचे टोक शक्य तितके जवळ व काटकोनात धरून, प्रत्येक बाजूला प्रकाश देतात. सलग दीर्घ प्रकाशाने दात तापतो. पल्पचे (दाताच्या आतील जिवंत मज्जेचे) तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढले तर इजा होऊ शकते असे माकडांवरील १९६५ सालच्या प्रयोगात दिसले होते. म्हणून मध्ये थोडे थांबून हवेचा झोत द्यावा, विशेषतः दात खोल कोरल्यामुळे पल्प जवळ आला असेल तेव्हा.