दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरही वजन का अडतं?

लठ्ठपणासाठी एकदा ऑपरेशन झालं, काही वर्षांनी वजन परत चढलं म्हणून दुसरं झालं, आणि तरीही काटा मनासारखा खाली आला नाही. अशा माणसाला घरातून, ओळखीपाळखीतून आणि कधीकधी दवाखान्यातूनही एकच वाक्य ऐकावं लागतं: ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार.’ बऱ्याच जणांनी तर कुणी म्हणायच्या आधीच स्वतःला ते सुनावलेलं असतं. मला हा समज मनापासून खटकतो. त्यात निष्ठुरपणा आहेच, शिवाय शरीरशास्त्र म्हणून तो चुकीचा आहे.

पहिल्या ऑपरेशनात नेमकं काय होतं ते आधी पाहू. ‘पोट लहान केलं की माणूस कमी खातो’ एवढंच बहुतेकांना माहीत असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. त्यात जठराचा वरचा घुमटासारखा भागही जातो. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ते 1999 साली शोधलं. बायपासमध्ये जठराचा जेमतेम 30 मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याच्या शेवटाकडे लवकर पोचतं, आणि तिथल्या पेशी जीएलपी-1 आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं जेवणानंतर कित्येक पटींनी जास्त सोडतात. म्हणजे ही शस्त्रक्रिया जठरावर होते, पण तिचा मोठा परिणाम मेंदूपर्यंत जाणाऱ्या निरोपांवर होतो.

आता दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करा. डॉक्टर त्याला रिव्हिजन म्हणतात. बँड (जठराच्या वरच्या भागाभोवती आवळलेला पट्टा) काढून स्लीव्ह किंवा बायपास करणं, स्लीव्हचा बायपास करणं, बायपासचा पसरलेला कप्पा किंवा त्याचं रुंदावलेलं तोंड पुन्हा लहान करणं, किंवा अन्न शोषणाऱ्या आतड्याची लांबी आणखी कमी करणं, असे त्याचे प्रकार आहेत. स्लीव्हमध्ये घ्रेलिन बनवणारा भाग एकदा काढला की तो दुसऱ्यांदा काढता येत नाही. बायपासमध्ये जीएलपी-1 एकदा वाढलं की जोडणी थोडी बदलून ते पुन्हा तेवढ्याच पटीत वाढत नाही. संप्रेरकांमधला मोठा बदल पहिल्याच वेळी होऊन गेलेला असतो. (बँडचं वेगळं आहे. बँड संप्रेरकांना फारसा हात लावत नाही, त्यामुळे बँडनंतर बायपास झालेल्यांना दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी फरक दिसू शकतो.)

पण खरी गोष्ट जठरात नाही. ती चरबीच्या पेशीत आहे, आणि तिच्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली मेदपेशी पाहिली तर आधी पेशी दिसतच नाही, दिसतो तो तेलाचा एक भलामोठा थेंब. पेशीचं केंद्रक कडेला ढकललं जाऊन चपटं झालेलं असतं आणि बाकीचा सगळा संसार थेंबाभोवतीच्या पातळ पापुद्र्यात मांडलेला असतो. अशी भरलेली पेशी एक दशांश मिलिमीटर रुंद असू शकते. वजन उतरतं तेव्हा हा थेंब आकसतो. पेशीचं पुढे काय होतं? ती मरते की राहते?

याचं उत्तर ज्या वाटेने मिळालं ती मला फार आवडते. 1955 ते 1963 या काळात उघड्या वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) खूप वाढला. 1963 च्या करारानंतर अशा चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि त्याचं प्रमाण वर्षागणिक घसरत गेलं. हा कार्बन वनस्पतींत शिरला, तिथून अन्नात आणि अन्नातून माणसांत आला. पेशी जन्मताना तिचा डीएनए बनतो आणि त्यात त्या वर्षीचा कार्बन कायमचा बसतो. पेशी पुन्हा विभागली नाही तर तो बदलत नाही. त्यामुळे डीएनएमधला कार्बन-14 मोजला की पेशी साधारण कोणत्या सुमाराला जन्मली ते कळतं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी मेदपेशींचं वय असं काढलं आणि 2008 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. प्रौढ माणसात दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. एकूण संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते आणि पुढे जवळजवळ स्थिर राहते. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांची दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा पेशी आकाराने लक्षणीय लहान झालेल्या होत्या, पण त्यांची संख्या घटलेली नव्हती. धान्य संपलं म्हणून कुणी कोठार पाडत नाही, तसं.

या आकसलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. मेदपेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक 1994 साली शोधलं. पेशी भरलेली असेल तर लेप्टिन जास्त, आकसली की कमी. वजन उतरवताना लेप्टिन चरबीच्या प्रमाणाहूनही जास्त घसरतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये दोन प्रकारच्या चेतापेशी हा आकडा वाचत असतात. लेप्टिन कमी झालं की एजीआरपी बनवणाऱ्या, म्हणजे भूक वाढवणाऱ्या, पेशी जोर धरतात आणि पीओएमसी बनवणाऱ्या, म्हणजे भूक आवरणाऱ्या, मंदावतात. परिणामी पुढच्या टप्प्यावर निरोप टिपणाऱ्या एमसी4 या ग्राहकाला (रिसेप्टरला) मिळणारा ‘पुरे’ हा निरोप क्षीण होतो. त्याचबरोबर शरीराला सज्ज ठेवणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेचा ताण उतरतो, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक थोडं घटतं, आणि स्नायू तेवढंच काम कमी इंधनात करू लागतात. मायकेल रोझेनबॉम आणि रुडॉल्फ लायबल यांनी वजन उतरवलेल्या लोकांना अगदी थोडं लेप्टिन दिलं तेव्हा यातले बरेच बदल उलटले. मग लेप्टिनची इंजेक्शनं देऊन काम का भागवत नाहीत? बायपास झालेल्या स्त्रियांना ते देऊन पाहिलं गेलं. वजन आणखी उतरलं नाही. या यंत्रणेला अनेक धागे आहेत, त्यातला एक ओढून ती सैल पडत नाही.

भूक किती वाढते याचाही हिशेब झाला आहे. मधुमेहाच्या एका औषधामुळे साखर लघवीतून बाहेर जाते, रोज काही कॅलरी घटतात, आणि माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी या औषधाच्या वर्षभराच्या चाचणीतली वजनं घेऊन 2016 साली गणित मांडलं. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, पण खाण्याची ओढ सुमारे 100 कॅलरींनी वाढते. चयापचय मंदावण्याची चर्चा सगळे करतात. भुकेचा जोर त्याच्या तिप्पट-चौपट आहे, आणि तोच लोकांच्या डोळ्यांआड राहतो, कारण भूक लागली की आपण तिला हावरटपणा म्हणून मोकळे होतो.

यात भर पडली ती नोव्हेंबर 2024 मध्ये. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने शस्त्रक्रियेआधी आणि सुमारे दोन वर्षांनी त्याच माणसांच्या चरबीचे नमुने तपासले. वजन भरपूर उतरूनही काही जनुकांचं काम लठ्ठपणातल्यासारखंच चालू होतं. उंदरांमध्ये तर डीएनएभोवतीच्या प्रथिनांवर त्या काळाच्या खुणा शिल्लक होत्या, आणि आधी लठ्ठ असलेले उंदीर चरबीयुक्त खाद्य मिळताच इतरांपेक्षा भराभर जाड झाले. ‘चरबीला आठवण असते’ असे मथळे त्यावर आले. माणसांत या खुणा किती काळ टिकतात आणि त्यांच्यामुळेच वजन परत येतं का, हे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. मथळ्यांनी तेवढा संयम पाळायला हवा होता.

तर दुसरं ऑपरेशन होतं ते अशा शरीरावर. पहिल्या वेळी शरीर आपल्या सर्वाधिक वजनाला होतं, बचावाची ही फळी उभी राहिलेली नव्हती. दुसऱ्या वेळी ती आधीपासून उभी असते, कारण वजन थोडं परत चढलं तरी ते बहुधा मूळ आकड्याच्या खालीच असतं. दुसऱ्या ऑपरेशननंतरची घट पहिल्याहून कमी असणं हे सर्वसाधारण चित्र आहे. शिवाय आत जुन्या जखमांचे पदर एकमेकांना चिकटलेले असतात. त्यामुळे ते तांत्रिकदृष्ट्या अवघड असतं आणि गुंतागुंतीचा धोकाही जास्त. हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगितलं जात नसेल तर पुढच्या निराशेची जबाबदारी न सांगणाऱ्यांवरही येते.

निराशेतला काही वाटा निव्वळ मोजमापाचा असतो. समजा, सुरुवातीला वजन 130 किलो होतं. पहिल्या ऑपरेशननंतर ते 95 वर आलं, मग 110 पर्यंत चढलं. दुसऱ्यानंतर ते 98 वर येऊन थांबलं. हातात पडले 12 किलो, म्हणजे 110 च्या 11 टक्के. एवढ्यासाठी दुसऱ्यांदा टेबलावर गेलो का, असं वाटणारच. पण 130 पासून मोजलं तर 32 किलो, जवळजवळ 25 टक्के. आता हा आकडा लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांवरच्या स्वीडनच्या एसओएस या दीर्घकालीन अभ्यासाशेजारी ठेवून पाहा. 1987 मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन एक-दोन वर्षांत 32 टक्क्यांपर्यंत उतरलं, आणि दहा वर्षांनी घट 25 टक्के उरली. बँडवाल्यांची 20 वरून 14 वर आली. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण, न झालेल्यांच्या तुलनेत, कमी राहिलं. 98 वर अडकलेला माणूस अपयशी आहे असं या आकड्यांपुढे कुणाला म्हणता येईल?

याचा अर्थ हात बांधून बसावं असा नाही. काही कारणं शोधण्याजोगी असतात. एंडोस्कोपी किंवा बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये कप्पा पसरलाय का, जोडणीचं तोंड रुंदावलंय का, किंवा कप्पा आणि उरलेलं जठर यांच्यात नवी वाट फुटलीय का, ते दिसतं. औषधांची यादी पुन्हा वाचावी. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाची काही जुनी औषधं, ओलान्झापिनसारखी मानसोपचारातली औषधं वजन वाढवतात, आणि यातलं एखादं बदलता येण्यासारखं असतं. पण स्वतःहून एकही बंद करू नये. स्नायू टिकवायला पुरेसं प्रथिन लागतं. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम, बऱ्याच जणांना त्याहून जास्त. त्याच्या जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम हवा. हे डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने व्हावं.

पाच दिवस फक्त पातळ पदार्थ घेऊन ‘पाऊच रीसेट’ करा, असा सल्ला सर्रास फिरतो. पसरलेला कप्पा उपाशी राहून आकसत नाही. त्या दिवसांत उतरतं ते बरंचसं पाणी, आणि ते परत येतं. चरबी वितळवणारी चूर्णं आणि थरथरणारे पट्टे यांच्याबद्दल तर काय लिहावं! निराश माणसाच्या खिशात हात घालणारा हा धंदा आहे. आतड्याचं शोषण आधीच कमी झालेल्या माणसाला त्यातली काही चूर्णं खरोखर इजा करू शकतात.

मनाकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. दुसऱ्यांदा मनासारखं झालं नाही की अनेक जण तपासणीला जाणंच थांबवतात, कारण काट्यावर उभं राहायची लाज वाटते. मग व्हिटॅमिन बी12, लोह आणि थायमिनची (व्हिटॅमिन बी1) कमतरता कुणाच्या लक्षात येत नाही. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते आणि काहींना तिचं व्यसन नव्याने जडतं. स्वतःला इजा करण्याचं प्रमाणही शस्त्रक्रियेनंतर वाढलेलं आढळलं आहे. असे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला सांगावं. मानसोपचारतज्ज्ञ हा या उपचाराच्या चमूचाच भाग आहे, रुग्णाने हक्काने त्यांची भेट मागावी.

आणि तिसरं ऑपरेशन? बहुतेकांच्या बाबतीत त्याआधी औषधांचा विचार करणं मला जास्त योग्य वाटतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारी-ऑप्टिमाइझ या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसं न उतरलेल्या आणि जेवणानंतर जीएलपी-1 फारसं न वाढणाऱ्या 70 जणांना निवडलं होतं. 24 आठवडे लिराग्लुटाइड (जीएलपी-1 सारखं काम करणारं औषध) घेणाऱ्यांचं वजन सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास उतरलं, नकली औषध घेणाऱ्यांचं अर्धा टक्का. लिराग्लुटाइडनंतर आलेली सेमाग्लुटाइड आणि टर्झेपाटाइड ही औषधं याहून प्रभावी आहेत. मळमळ, उलट्या हे त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि थांबवली की वजन परत चढू लागतं, म्हणून ती दीर्घकाळाची औषधं समजूनच सुरू करावी लागतात. लहान झालेल्या जठरात उलट्या दोन-चार दिवस टिकल्या तर थायमिनचा साठा भराभर संपतो आणि मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर आपलं ऑपरेशन झालंय हे आधी सांगावं, म्हणजे ग्लुकोजची सलाइन लावण्यापूर्वी थायमिन दिलं जाईल.