सुपारी फुटण्याआधीची तपासणी

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका उघडून बघा. जन्मवेळ, उंची, शिक्षण, बागायत किती अन् कोरडवाहू किती, देवक, नाडी, गण, मामकूळ. या सगळ्या रकान्यांत आरोग्याशी संबंध सांगणारा रकाना एकच, तो म्हणजे रक्तगट. आणि सोयरीक जमवताना ज्या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य, नेमकी तीच आपण इमानेइतबारे छापतो.

‘दोघांचा रक्तगट एक आला, आता मूल होणार नाही’ हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतं. काही जण पुढे जाऊन ‘एक नाडी म्हणजेच एक रक्तगट’ असं सांगतात. पत्रिकेतली नाडी जन्मनक्षत्रावरून काढतात आणि त्या आहेत तीन. रक्तगट लाल पेशींच्या पृष्ठभागावरच्या रेणूंवरून ठरतो आणि आरएच (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) धरून ते होतात आठ. म्हणजे हिशोबही जुळत नाही. नवरा-बायको दोघेही ओ पॉझिटिव्ह असलेली आणि नातवंडांनी भरलेली घरं प्रत्येक गावात सापडतील. रक्तगटात लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट एकच: बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणात साधारण २८ व्या आठवड्याला आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. त्यासाठी स्थळ नाकारायचं काही कारण नाही.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे आणि खान्देशात तर तो इतर भागांपेक्षा अधिक निकडीचा आहे: मुलगा आणि मुलगी, दोघांचं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे? किती आहे हे नव्हे, कोणत्या प्रकारचं.

लाल पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीनं गुंफलेली असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की सिकलसेल या आनुवंशिक आजाराचं हिमोग्लोबिन तयार होतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात आणि गोल, लवचिक लाल पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराची होते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दोन-तीन आठवडे. शिवाय ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं-सांधे असह्य दुखणं, वारंवार रक्त कमी होणं, कावीळ, फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, कधी लहान वयात पक्षाघात.

हे सगळं आईकडून आणि वडिलांकडून आलेली दोन्ही जनुकं सदोष असतील तेव्हा. एकच सदोष असेल तर तो माणूस वाहक. वाहकाला सहसा काहीही होत नाही. तो कापूस वेचतो, पोलिसात भरती होतो, त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. उलट, फॅल्सिपॅरम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिलं. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराबाबत तसाच अंदाज जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच मांडला होता. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता. तिथे हे जनुक टिकून का राहिलं, याचं उत्तर यात आहे. त्यात कुणाच्या कुळाचा दोष नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत काही पाहण्यांमध्ये वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आढळलं. महाराष्ट्रातल्या आदिवासींमधल्या सिकलसेलचा अभ्यास आणि उपचार यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्य घातलं; २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाचातला एक वाहक असेल, तर धडगाव-अक्कलकुव्याकडे जोडीदार निवडताना दोघेही वाहक निघण्याची शक्यता साधारण पंचविसात एक. ही शक्यता काही क्षुल्लक नाही.

दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष निघण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक’ या शब्दावर लोक अडखळतात. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तिघं चांगली निघतील, असा हिशोब इथे नाही. दर वेळी नाणं नव्यानं उडतं.

हा प्रश्न फक्त डोंगरातला आहे असं समजून तापीकाठच्या केळीवाल्यांनी निर्धास्त होऊ नये. थॅलेसेमिया हा बीटा साखळीचाच दुसरा बिघाड. यात साखळी पुरेशी तयारच होत नाही. भारतात वाहकांचं प्रमाण सरासरी तीन-चार टक्के धरतात. सिंधी समाजात ते बरंच जास्त आहे, आणि जळगावात सिंधी वस्ती मोठी आहे. थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष असलेल्या, मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्यातून साचणारं लोह काढायला आयुष्यभर औषध द्यावं लागतं. वाहकाला मात्र फार तर थोडा पांडुरोग. कित्येक मुली लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खातात आणि हिमोग्लोबिन दहा-अकराच्या वर सरकत नाही. त्यांतल्या काही खरं तर थॅलेसेमियाच्या वाहक असतात.

फारसं कुणी सांगत नाही अशी गोष्ट पुढे आहे. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशा जोडप्यालाही २५ टक्के धोका असतोच. अशा मुलाला दोन्हींचा मिश्र आजार होतो आणि तो तीव्र असू शकतो. म्हणून ‘सिकलसेलची टेस्ट केली, निगेटिव्ह आली’ एवढ्यावर थांबून चालत नाही. आरोग्य शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट. पण ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिला कळत नाही, आणि थॅलेसेमिया तर दिसतच नाही. दोन्ही कळतात ते एचपीएलसी नावाच्या तपासणीत. दंडातून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात, उपाशी राहावं लागत नाही, आणि ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. अहवालात ए२ हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर दिसलं तर थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घ्यायचा. शरीरात लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवा खाली येतो, म्हणून सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाईल.

तपासणी कधी करायची? माझं मत स्पष्ट आहे: मुलगी बघायला जाण्याच्याही आधी, शक्यतो कॉलेजात असतानाच. साखरपुडा झाला, बस्ता बांधला, कार्यालयाचा इसार दिला, मग अहवाल आला तर त्याचा उपयोग माहितीसाठी होत नाही, भांडणासाठी होतो. आणि आपल्याकडे भांडणात बोट कुणाकडे दाखवलं जातं हे सांगायला नको. ‘पोरमा काय खोट शे?’ (पोरीत काय खोट आहे?) हा प्रश्न पोराच्या बाबतीत क्वचितच उठतो. म्हणून चाचणी दोघांची, एकाच वेळी, आणि अहवाल आधी त्या दोघांच्या हातात. याही-याहिणीच्या बैठकीत वाचून दाखवायला नाही. वाहक मुलीला निर्दोष मुलगा मिळाला तर त्यांच्या मुलांना हा आजार होण्याची भीती जवळपास नसते. नाकारण्यासारखं तिथे काय आहे?

सायप्रसमध्ये सातातला एक जण थॅलेसेमियाचा वाहक. तिथल्या चर्चनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यावर ‘तपासणी झाली, सल्ला दिला’ एवढंच; निकाल गुप्त. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी तरीही लग्न केलं, मात्र गरोदरपणात बाळाची तपासणी करून घेतली. काही वर्षांतच आजारी बाळांचे जन्म जवळपास थांबले. आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य, आणि निर्मूलनासाठी २०४७ ही मुदत. तपासलेल्यांना कार्ड मिळतं. ते कार्ड आधारकार्डासारखं जपून ठेवावं आणि सोयरिकीच्या वेळी दोघांनीही काढावं.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोघांचीही करावी; एचआयव्हीची चाचणी २०१७ च्या कायद्यानुसार त्या व्यक्तीच्या संमतीनंच होते, भावी सासऱ्याच्या हट्टानं होत नाही. हिपॅटायटिस बीची लस आहे. मुलीनं रुबेलाची लस घेतली नसेल तर लग्नाआधी घ्यावी आणि त्यानंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी. मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल, तर घराण्यात लहानपणी दगावलेली, बहिरी किंवा मतिमंद मुलं होती का, हे आजीला बसून विचारावं. सख्ख्या मामेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामायिक असतात, त्यामुळे जन्मजात व्यंगाचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट होतो.

आणि लग्न आधीच झालं असेल तर? तर दिवस राहिल्याचं कळताच, पहिल्या तीन महिन्यांतच दोघांची एचपीएलसी करून घ्यावी. दोघेही वाहक निघाले तर दहाव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक तुकडा किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून बाळाचं जनुक कळू शकतं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला स्पष्ट मुभा आहे. त्यासाठी आधी नंदुरबार, धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन, ही सोय जवळात जवळ कुठे होईल हे विचारून घ्यावं. बाळ जन्मलेलंच असेल तर त्याचं रक्त पहिल्या काही महिन्यांत तपासावं. सिकलसेल निघाला तर पेनिसिलिन, वेळेवर लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरियाची गोळी, यांवर ते मूल शाळेत जातं, मोठं होतं. आणि एक दिवस त्याच्याही सोयरिकीची बोलणी निघतात. तेव्हा समोरच्याचा अहवाल मागायचा हक्क त्यालाही आहे.