आडवे वाचन

इंटरनेटवरील माहिती पारखण्याची एक पद्धत. समोरचे पान बारकाईने वाचत बसण्याऐवजी वाचक नवा टॅब उघडतो आणि त्या संकेतस्थळाबद्दल, ते चालवणाऱ्या संस्थेबद्दल इतर लोक काय सांगतात ते आधी पाहतो. विज्ञानविषयक दाव्यांसाठी ही सवय शाळेतच लावणे फार गरजेचे आहे.

पूर्वी मुलांना यादी दिली जाई: लेखकाचे नाव आहे का, संदर्भ दिलेत का, मांडणी नीटनेटकी आहे का. पण हे सगळे खोटे पान रचणाऱ्यालाही सहज जमते. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे १९९८ पासूनचे बनावट संकेतस्थळ याचा नमुना आहे. त्यावर शास्त्रीय नाव, अधिवास, छायाचित्रे असे सगळे आहे. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ते सातवीच्या मुलांना दाखवले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांना ते खरे वाटले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये स्थापन झालेला, तिच्यातून फुटलेला छोटा गट. नावे आणि पाने सारखीच भारदस्त. पान वरपासून खालपर्यंत वाचणारे अनेक इतिहासकार आणि विद्यार्थी चकले. तथ्यतपासनीस मात्र पान सोडून बाहेर पडले आणि थोड्याच वेळात दोन्हींमधला फरक त्यांच्या ध्यानात आला.

विज्ञानात एवढ्याने भागत नाही. लसीचा प्रयोग नववीतला मुलगा स्वतः तपासू शकत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. म्हणून विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक जोनाथन ऑस्बोर्न आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मुलांना वेगळे प्रश्न विचारायला सुचवले: सांगणाऱ्याचे हितसंबंध काय, याच विषयात त्याचा अधिकार आहे का, आणि या बाबतीत तज्ज्ञांचे एकमत आहे का? हृदयरोगतज्ज्ञ हवामानबदलावर बोलू लागला, तर त्याची पदवी तिथे कामाची नसते.

भारतात केरळच्या कण्णूर जिल्ह्यात गोवर-रुबेला लसीविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा पसरल्या. तो अनुभव गाठीशी असलेल्या जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत बनावट बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले.

मराठीत शोधताना एक अडचण हमखास येते. घरगुती उपायांचा एकच मजकूर, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट, अनेक पानांवर सापडतो आणि मुलाला वाटते की सगळेच हे सांगतात. ती साक्ष एकाचीच असते. त्यामुळे मूळ मजकूर कुठून निघाला, हे शोधायलाही शिक्षकाने मुलांना शिकवायला हवे.