कडी सीडीला, की गिऱ्हाइकाच्या दाराला?

२००२ सालच्या मे महिन्यात युरोपात एक तोडगा तोंडोतोंडी पसरला. गायिका सेलीन डिऑनची, सोनीनं काढलेली नवी सीडी घ्यायची, उलटी करायची आणि चकचकीत बाजूच्या अगदी कडेला काळ्या मार्करनं एक रेघ मारायची. कॉम्प्युटरवर वाजायला तयार नसलेली सीडी मुकाट गायला लागायची. वेष्टणावर स्पष्ट छापलेलं होतं की ही पीसी किंवा मॅकवर वाजणार नाही. काही मॅकमध्ये तर ती घातली की अडकूनच बसायची, आणि मग यंत्रही धड सुरू व्हायचं नाही. कॉपी रोखण्यासाठी घातलेल्या या कुलपाचं नाव होतं की-टू-ऑडिओ. बनवलं होतं सोनीच्याच एका उपकंपनीनं.

शाईच्या रेघेनं कुलूप कसं उघडलं? सीडी ग्रामोफोनच्या रेकॉर्डच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. मधल्या भोकाजवळ सुरू झालेली एकच सलग रेघ जिलबीसारखी वेढे घेत कडेकडे जाते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. रेघेच्या आरंभी अनुक्रमणिका असते: गाणी किती, कुठलं कुठून सुरू होतं. घरातला साधा प्लेअर ही पहिली अनुक्रमणिका वाचतो आणि गायला लागतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह जास्त शिकलेला. सीडीवर टप्प्याटप्प्यानं माहिती भरता येते आणि दर टप्प्याला स्वतंत्र अनुक्रमणिका असते, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो शेवटची अनुक्रमणिका शोधत कडेपर्यंत जातो. कुलूपवाल्यांनी नेमका तिथे, मुद्दाम बिघडवलेला एक टप्पा पेरून ठेवला होता. प्लेअर तिकडे फिरकतच नसे, ड्राइव्ह मात्र ठेचकाळून पडे. मार्करच्या रेघेमुळे तो टप्पा लेझरला दिसेनासा झाला, आणि शिकलेला ड्राइव्ह प्लेअरइतकाच भोळा बनला.

दुसरी युक्ती मला जास्त खटकते. माझ्याकडच्या जुन्या सीड्यांवर ओरखड्यांची जाळी आहे, तरी बऱ्याच जणी बिनतक्रार वाजतात. कारण आवाजाचे आकडे सीडीवर सलग ठेवलेले नसतात. ते लांबवर विखरून ठेवतात आणि जोडीला पडताळ्याच्या जादा संख्या देतात. ओरखड्यानं एक तुकडा खाल्ला, तर उरलेल्यांवरून तो परत मांडता येतो. फारच नुकसान झालं, तर प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजे मधला आकडा भरतो, आणि कानाला कळतही नाही. काही कुलपांनी याच सोयीचा फायदा घेतला. सीडीवर आधीच चुका पेरल्या. प्लेअर त्या झाकून नेई, पण कॉम्प्युटर आकडे जसेच्या तसे उचलायला गेला की कॉपीत टकटक येई. म्हणजे पुढच्या ओरखड्यांसाठी ठेवलेली शिल्लक कंपनीनं स्वतःच खर्चून टाकली, आणि सीडी पूर्ण भावात विकली.

त्यात गाड्यांमधल्या अनेक स्टिरिओंत आणि डीव्हीडी प्लेअरांत कॉम्प्युटरच्याच जातीचे ड्राइव्ह बसवलेले. कॉपी करण्याचा विचारही मनात नसलेल्या माणसाची सीडी गाडीत मुकी राहायला लागली. ब्रिटनमध्ये २००१ साली गायिका नॅटली इम्ब्रुलियाच्या अल्बमवर एवढ्या तक्रारी आल्या, की बीएमजी या संगीत कंपनीला बिनकुलपाच्या सीड्या बदलून द्याव्या लागल्या. फ्रान्समध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. फिलिप्सनंही कान टोचले. सीडी ही फिलिप्स आणि सोनीची संयुक्त निर्मिती. फिलिप्सचं म्हणणं पडलं की असल्या तबकड्या मुळात कॉम्पॅक्ट डिस्कच नव्हेत, त्यांवर आमचं बोधचिन्ह लावू नका.

मग मूळ रचनेतच कुलूप का नव्हतं? १९८० साली नियम ठरले तेव्हा कॉपीची भीती बाळगायला जागाच नव्हती. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या-उजव्या दोन्ही कानांसाठी, १६ बिटांचा आकडा नोंदवतात. हिशोब केला तर मिनिटाला साधारण १०.६ मेगाबाइट होतात. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. पाऊण मिनिट चोरा, एका मिनिटाला जागा नाही! अल्बम कोण कशावर उतरवून घेणार? सगळं पालटलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा हार्ड डिस्क फुगल्या, सीडी-रायटर स्वस्त झाले, एमपीथ्री आलं, आणि १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांकडची गाणी उतरवून घेऊ देणारं नॅपस्टर. तोवर जगभरातल्या घरांत बिनकुलपाचे प्लेअर जाऊन बसले होते. नवं कुलूप लावायचं तर त्यांनाही चाललं पाहिजे, ही खरी मेख.

तबकडीवर कुलूप टिकेना, तेव्हा कंपन्यांनी मोर्चा कॉम्प्युटरकडे वळवला. सीडीतच एक प्रोग्राम घालायचा. सीडी आत सरकवली की विंडोज तो आपोआप सुरू करी, आणि तो कॉपीला अडथळा आणी. मीडियामॅक्स हे अशांपैकी एक. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स हॉल्डरमन या संशोधक विद्यार्थ्यानं दाखवलं, की सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली तर प्रोग्राम सुरूच होत नाही. कारण ती कळ विंडोजनंच त्या कामासाठी दिलेली! मीडियामॅक्सवाल्या सनकॉम कंपनीनं १ कोटी डॉलरच्या दाव्याची धमकी दिली, आणि हसं होतंय असं दिसल्यावर लगेच मागे घेतली.

यापुढचा प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी आपल्या कॉम्प्युटरवर काय सापडलं ते जाहीर केलं. रूटकिट, म्हणजे स्वतःला ऑपरेटिंग सिस्टिमपासून दडवून ठेवणारे प्रोग्राम. ते हुडकणारं साधन तपासत असताना त्यांना चक्क स्वतःच्याच यंत्रात एक रूटकिट मिळालं. माग काढत ते पोहोचले व्हॅन झँट बंधूंच्या सीडीपाशी. रीतसर विकत घेतलेली, सोनी बीएमजीची.

या प्रोग्रामचं नाव एक्ससीपी. विंडोजला कुणीही 'या फोल्डरात काय काय आहे?' असं विचारलं, की एक्ससीपी मध्येच उत्तर अडवी आणि काही नावं गाळून पुढे पाठवी. कुठली नावं? आरंभी डॉलरचं चिन्ह, मग एस-वाय-एस ही अक्षरं, मग पुन्हा डॉलर, अशी सुरू होणारी सगळी. फाइल कोणाची, हे बघायची तसदीच नाही. त्यामुळे ही अक्षरं लावली की कुणाचीही फाइल अदृश्य. ऑनलाइन खेळांत लबाडी करणाऱ्यांनी हे लगेच हेरलं, आणि दहा-बारा दिवसांत त्याच आडोशानं लपणारा ट्रोजन, म्हणजे साळसूद सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्रामही फिरायला लागला. चोर पकडायला ठेवलेल्या पहारेकऱ्यानंच मागच्या दाराशी अंधार करून ठेवला होता. बरं, हाकलावं तर रुसिनोविच यांनी हातानं फाइली काढल्यावर सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला.

सोनी बीएमजीच्या डिजिटल व्यवसायाचे प्रमुख थॉमस हेस यांनी अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवर विचारलं की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? माझ्या मते लोकांना सीडीतल्या प्रोग्रामपेक्षा हे वाक्य जास्त झोंबलं. आतापर्यंत चिडले होते ते जाणकार आणि हौशी लोक. आता रूटकिट हा शब्द रोजच्या वर्तमानपत्रात आला. ग्राहकांनी खटले भरले, टेक्सास राज्यानं दावा ठोकला. काढून टाकण्यासाठी कंपनीनं दिलेल्या साधनातच आणखी मोठं भगदाड निघालं: कुठल्याही वेबसाइटला तुमच्या यंत्रात शिरता येईल असं. कळस म्हणजे एक्ससीपीच्या आत लेम या मुक्त स्रोत एमपीथ्री साधनाचे तुकडे सापडले, त्याच्या परवान्याच्या अटी न पाळता उचललेले. नक्कल रोखणाऱ्या प्रोग्रामातच उसना माल!

नोव्हेंबरच्या मध्यास सोनी बीएमजीनं सीड्या परत मागवल्या. ५२ अल्बम, सुमारे ४७ लाख सीड्या, त्यांतल्या २१ लाखांच्या आसपास विकून झालेल्या. तडजोडीत ग्राहकांना सीडी बदलून मिळाली, वर साडेसात डॉलर आणि एक अल्बम, किंवा पैशांऐवजी तीन अल्बम. २००७ च्या सुरुवातीपर्यंत मोठ्या कंपन्यांनी सीडीला कुलूप लावण्याचा नाद सोडला होता.

गोंधळ ऐन भरात असताना, नोव्हेंबर २००५ मध्येच, गार्टनर या सल्लागार संस्थेनं एक्ससीपीची सीडी तपासून पाहिली होती. तिच्याही कडेला गाण्यांपलीकडचा एक टप्पा होता, आणि प्रोग्राम त्यातच होता. गार्टनरच्या लोकांनी नखाएवढा चिकटपट्टीचा तुकडा कडेला लावला. प्रोग्राम सुरू झाला नाही, गाणी वाजली.